नवपरंपरावादी टिपणीस

श्रीरंग टिपणीसांचा मला राग कधी आला नाही. राग येण्यासाठी समोरच्या माणसाकडून काहीतरी अपेक्षा असावी लागते. त्यांच्याबद्दल मला जे वाटायचं, ते वडखळ नाक्यावरच्या धुळीबद्दल वाटतं तेवढंच. तोंडावर रुमाल धरायचा आणि नाका ओलांडायचा. पण धूळ बोलत नाही. टिपणीस बोलायचे.

आम्ही दोघेही पेणचे, आणि दोघेही रोह्याच्या एकाच कॉलेजात शिकवायचो. ते राज्यशास्त्र, मी अर्थशास्त्र. सकाळची एस.टी. ठरलेली. टिपणीसांना खिडकीची जागा लागायची आणि तिथे बसले की पहिलं काम म्हणजे काच लावून घेणं, कारण हायवेचं काम चाललेलं आणि धूळ आत यायची. धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला जाणारी पोरं मधल्या जागेत दाटीवाटीनं उभी असायची. त्यातलं एखादं म्हणायचं, "काका, जरा काच सरकवा ना, जीव घुसमटतोय." टिपणीस मान न वळवता सांगायचे, "गैरसोय सोसायची सवय लागली की समाज घडतो." समाज घडवण्यासाठी घाम कुणी गाळायचा हे अर्थातच ठरलेलं होतं.

गोरा, उंच, ताठ माणूस. पांढरा बुशशर्ट, इस्त्री कडक. बोलता बोलता चष्मा काढायचे, तो शर्टाच्या टोकानं पुसायचे आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचे. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस नीट दिसत नसे. वादात याचा त्यांना फायदाच व्हायचा.

शिकवायचे मात्र उत्तम. हे कबूल केलं पाहिजे. माझा वर्ग आणि त्यांचा वर्ग यांच्यामध्ये नुसतं प्लायवूडचं पार्टिशन होतं, त्यामुळे मी माझ्या मुलांना मागणी-पुरवठा सांगताना त्यांचा नवपरंपरावाद अर्धा ऐकलेला आहे. त्या शब्दाबद्दल ते फार हळवे होते. पाठ्यपुस्तकात कुणी 'नवपुराणमतवाद' लिहिलेलं दिसलं की त्यावर लाल रेघ मारायचे. "पुराणमतवादी आणि आपण यांत फरक काय?" ते वर्गाला विचारायचे. "पुराणमतवादी म्हणतो, घर जुनं आहे, हात लावू नका. आपला माणूस म्हणतो, घर चांगलं आहे म्हणूनच त्याची राखण करायला हवी, आणि राखण घरात बसून होत नाही. शेजारी कोण राहतो, कसा राहतो, तेही बघावं लागतं. शेजारी हुकूमशहा असेल तर आपण झोपू शकत नाही. त्याची राजवट बदलावी लागते. बोलून बदलली तर बोलून, नाहीतर बळानं."

मग ह्या वादाचे मूळ विचारवंत कुठून आले ते सांगायचे. परदेशातल्या मोठ्या शहरांत तरुणपणी हे सगळे डावे होते. क्रांतीच्या गप्पा मारत वाढले. पुढे डाव्यांकडूनच त्यांचा भ्रमनिरास झाला. सरकारनं गरिबांना मदत करायला जावं आणि त्यातून माणूस आळशी व्हावा, कुटुंब मोडावं, हे त्यांनी पाहिलं. कुणी कसंही वागलं तरी चालतं असं म्हणणारा समाज आतून पोखरला जातो, अशी त्यांची खात्री झाली. म्हणून धर्म हवा, कुटुंब हवं, देशाभिमान हवा. आणि आपल्या मूल्यांवर विश्वास असेल तर ती जगात रुजवायची हिंमत हवी. "ह्याला म्हणतात नैतिक स्पष्टता," असं म्हणून टिपणीस खडू टेबलावर आपटायचे. पार्टिशन हलायचं.

एवढ्या सुबकपणे ही विचारसरणी सांगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. ती जगून दाखवणाराही पाहिला नाही, आणि त्यामुळेच तिच्याबद्दल माझं मत जे झालं ते झालं.

टिपणीसही तरुणपणी डावेच होते. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, स्टाफरूममध्ये, बाकीचे परीक्षेच्या ड्यूटीवर गेलेले असताना. धाटावच्या एका कंपनीत संप होता. टिपणीस तेव्हा नुकतेच एम.ए. झालेले, खांद्याला झोळी, दाढी वाढवलेली. कामगारांच्या मागण्यांसाठी ते गेटसमोर सतरंजी टाकून उपोषणाला बसले. हार घातले, घोषणा झाल्या. आणि एका सकाळी भोंगा वाजला आणि पहिली शिफ्ट त्यांच्यासमोरून डबे हलवत आत गेली. रात्रीतून समझोता झाला होता. तो उपोषणवाल्याला सांगायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. एकजण जाता जाता म्हणाला, "अरे, तू अजून हितंच हायस? जा घरी, जेव."

"त्या दिवशी मला कळलं, म्हात्रे," टिपणीस चष्मा पुसत म्हणाले, "सामान्य माणसाला स्वातंत्र्य नको असतं. त्याला डबा हवा असतो."

मी हसलो नाही. तो सतरंजीवरचा पोरगा माझ्या डोळ्यांसमोर आला आणि त्याची कीव आली. पण त्या पोराचं पुढे काय झालं बघा. डबा घेऊन आत गेलेल्या माणसांना त्यानं जन्मभर माफ केलं नाही. पोरांची फी भरायची असेल, बायको बाळंत होणार असेल, यातलं काहीही त्याच्या मनात आलं नाही. आणि गंमत म्हणजे क्रांती त्यानं सोडली नाहीच. फक्त ती करायचं काम परक्या फौजांकडे सोपवलं आणि ज्यांच्यावर करायची ती माणसं समुद्रापलीकडची निवडली. धाटावच्या कामगाराला स्वातंत्र्य नको होतं, पण आखातातल्या माणसाला ते विमानातून टाकलं तरी तो झेलणार, ही त्यांची पक्की समजूत. इराकवर हल्ला झाला तेव्हा टिपणीसांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. आमच्या ग्रंथपालांचा मेव्हणा तेव्हा कुवेतला होता. ते पेढा हातात धरून बराच वेळ उभे राहिले आणि मग तो त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला.

पेणमध्ये टिपणीसांच्या सोसायटीचा गणपती मोठा असायचा. मंडळाचे अध्यक्ष तेच. मूर्ती ठरवायला स्वतः कारखान्यात जाऊन डोळ्यांची आखणी कशी झालीय ते बघणार, आरतीला कोण आलं नाही त्याच्या घरी माणूस पाठवणार. आणि आरती चालू झाली की स्वतः मांडवाच्या दाराशी पेपर वाचत उभे. एकदा मी विचारलं, "सर, तुमचा तर देवावर विश्वास नाही."

"माझा आहे की नाही हा प्रश्न गैरलागू आहे," ते म्हणाले. मग टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीकडे हनुवटीनं दाखवलं. "यांचा असला पाहिजे."

हे वाक्य मी विसरलो नाही. पुढे त्यांच्या आवडत्या विचारवंतांबद्दल थोडं वाचलं तेव्हा लक्षात आलं, की त्यांतल्या काहींचं म्हणणं थोडंफार हेच होतं. फक्त त्यांना ते सांगायला जाड ग्रंथ लागले.

कुटुंबाचंही तसंच. टिपणीसांची बायको लग्नानंतर काही वर्षांतच ठाण्याला माहेरी गेली आणि मुलगा निखिल याला घेऊन तिथेच राहिली. त्यावर बोलायचं नसे. त्यांची सख्खी भाची विद्या एकदा कडेवर पोर घेऊन पेणला त्यांच्या दारात आली. नवरा मारायचा. गालावर वळ होता, तो मी पाहिलाय, कारण त्या दिवशी मी तिथे पेपर तपासायला बसलो होतो. टिपणीसांनी तिला बसवलं, जेवायला वाढलं आणि ती जेवत असताना कुटुंब ही समाजाची पहिली तटबंदी कशी आहे हे समजावून सांगितलं. तिचा घास हातातच राहिला.

ती म्हणाली, "मामा, मी चार दिवस राहू का?"

"चार दिवसांनी प्रश्न सुटणार आहे का? घर सोडून प्रश्न सुटत नसतात, विद्या." आणि संध्याकाळी त्यांनी स्वतः तिला परत सासरी, महाडच्या गाडीत बसवून दिलं. ही त्यांची नैतिक स्पष्टता. विद्या वर्षभरात नवऱ्याला सोडून आलीच, पण मामाकडे नाही. आता डोलवीच्या कंपनीत एका कंत्राटदाराच्या ऑफिसात आहे. मामा समोरून येताना दिसला की रस्ता ओलांडते.

टिपणीसांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी म्हणजे नसीमा. रोह्याच्या खाली खाडीकडच्या गावातली. वडील भातशेती करायचे, मोठा भाऊ इम्तियाज आखातातल्या एका बंदरात क्रेन चालवायचा. त्याच्या पगारावर ती शिकली. टिपणीस वर्गात बोलत असले की ती मध्येच हात वर करायची, आणि त्यांना ते आवडायचंही, कारण तिच्यामुळे त्यांना उत्तर देता यायचं. "हिच्यात धार आहे," असं मला म्हणायचे. पुढे ती रोह्यातच ज्युनिअर कॉलेजला शिकवायला लागली. टिपणीस निवृत्त झाले आणि तिची त्यांची गाठभेट संपली. ईदला ती शीरखुर्म्याचा डबा पाठवायची. तो ते घ्यायचे आणि रिकामा डबा माझ्याकडून परत जायचा.

मग आखातात पुन्हा क्षेपणास्त्रं उडायला लागली. टिपणीसांना जणू नवी पालवी फुटली. सकाळी फिरायला जाताना भेटेल त्याला थांबवून नकाशा सांगायचे. तळ कुठे, तेल कुठे, आणि या खेपेला राजवट कशी कोसळणार. "थोडी पडझड होईल," ते म्हणायचे, "पण आपण आता कच खाता कामा नये." पेणच्या भाजी मार्केटच्या दारात उभा राहून हा माणूस कच न खाण्याबद्दल बोलत होता. हातात मेथीची जुडी.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते सकाळीच माझ्या घरी आले. दाढी केलेली नव्हती. शर्टाला इस्त्री नव्हती. मी त्यांना तसं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हात्रे, नसीमाचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

त्यांचा निखिल आखातातच होता. इंजिनिअर म्हणून एका तेलकंपनीत. हे टिपणीसांनी कधी फारसं सांगितलं नव्हतं, कारण निखिल त्यांच्याशी फारसं बोलायचा नाही. विमानं बंद झाली होती, कंपनी म्हणत होती की आहात तिथेच थांबा, आणि ठाण्याहून बायकोचा फोन आला होता. किती वर्षांनी आला असेल कोण जाणे. निखिलच्या शहरातच इम्तियाजचं बंदर होतं.

मी तिथेच फोन लावून दिला. टिपणीसांनी तो दोन्ही हातांनी धरला. "नसीमा, मी... टिपणीस सर." पुढचं मीच सांगितलं. तिनं निखिलचा पत्ता विचारून घेतला. मग म्हणाली, "सरांना सांगा, काळजी नको. भाईला बोलते मी."

इम्तियाजनं कुणाची तरी गाडी मिळवली आणि निखिलला वाळवंटातून सरहद्दीच्या नाक्यापर्यंत नेलं, कारण पलीकडून विमानं अजून उडत होती. वाटेत तीन ठिकाणी अडवलं तेव्हा अरबीत बोलून सोडवलं. नाक्यावर उतरताना निखिल त्याला म्हणाला, तूही चल. इम्तियाज म्हणाला, "माझा पासपोर्ट कंपनीकडे हाय. आणि आमच्या गावची पोरं हायत तिकडं. त्यांना टाकून कसा येऊ?" हे सगळं मला निखिलनं नंतर फोनवर सांगितलं, वडिलांनी नाही.

इम्तियाज बंदरावर परत गेला. आठवड्याभरानं हवेतच फोडलेल्या एका क्षेपणास्त्राचे तुकडे यार्डात पडले. त्यात त्याचा उजवा हात गेला, कोपराच्या वरून.

मी ही बातमी टिपणीसांना सांगितली. ते खुर्चीत बसले. खरंच हादरले असतील, मी नाही म्हणत नाही. मग म्हणाले, "युद्धाची जबाबदारी ते लादणाऱ्या राजवटीवर असते. हे विसरता कामा नये." निखिल ठाण्याला आईकडे सुखरूप पोचला होता.

पावसाळ्याआधी पेणच्या एका वाचनालयानं त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय, 'नवपरंपरावाद समजून घेताना'. पन्नास-साठ माणसं होती, बहुतेक निवृत्त. टिपणीस पुन्हा कडक इस्त्रीत. आणि बोलले मात्र सुरेख. उगम, भ्रमनिरास, धर्माची गरज, सरकारी मदतीचे दुष्परिणाम, राजवटींचं स्वरूप, सगळं एकेक उलगडून. "जग आपोआप सुधारत नाही. आपणच ते सुधारायचं असतं. त्याची किंमत आपण मोजायला तयार असलं पाहिजे." टाळ्या पडल्या.

प्रश्न विचारायला नसीमा उठली. ती रोह्याहून मुद्दाम आली होती. शेवटच्या रांगेत बसलेली मला दिसली नव्हती.

"सर, तुम्ही वर्गात शिकवलं होतं तसंच आज सांगितलंत. मला सगळं समजलं. एकच शब्द राहिला."

"कुठला?" टिपणीस हसले. जुनी विद्यार्थिनी म्हणून सभेकडे कौतुकानं बघितलं.

"आपण. आपण राजवट बदलायची, आपण कच खायची नाय, आपण किंमत मोजायची. यातला आपण म्हणजे कोण, सर?"

"म्हणजे सुसंस्कृत जग. स्वातंत्र्य मानणारे सगळे."

"त्यात माझा भाई हाय का?"

बहुतेकांना तिचा भाऊ कोण ते माहीत नव्हतं. टिपणीसांनी चष्मा काढला.

"अर्थात आहे. तत्त्वतः प्रत्येक माणूस आहे."

"मग किंमत मोजायचं ठरलं तेव्हा त्याला कुणी विचारलं? निखिलला परत आणायचा तेव्हा तुम्ही मला फोन केलात, सर. मला त्याचं काय नाय. तुमचा पोरगा आला, मला आनंद झाला. भाईला पण झाला. पण त्या दिवशी तुम्हाला माणूस दिसला. बाकीच्या दिवशी नकाशा दिसतो. म्हणजे ही विचारसरणी स्वतःच्या पोराला लागू होत नाय, असं मी समजू का?"

टिपणीस चष्मा पुसत राहिले. शर्टाचं टोक बाहेर आलं होतं. "नसीमा," ते म्हणाले, "तू चर्चा व्यक्तिगत पातळीवर आणते आहेस. तत्त्वज्ञानात तसं करून चालत नाही. पुढचा प्रश्न?"

पुढचा प्रश्न एका गृहस्थांनी चीनबद्दल विचारला. टिपणीसांनी त्याला वीस मिनिटं उत्तर दिलं. मी उठलो तेव्हा नसीमाची खुर्ची रिकामी होती.

इम्तियाज गावी परत आल्यावर निखिलनंच त्यांना त्याच्याकडे जायला लावलं. "तुम्ही गेला नाहीत तर मी जाईन, आणि मग पेणला येणार नाही," असं त्यानं सांगितलं म्हणे. टिपणीसांना एकट्यानं जायचं धैर्य नव्हतं, म्हणून मला बरोबर घेतलं. रोह्याच्या स्टँडवरून आम्ही रिक्षा केली. खाडीकडच्या रस्त्याला लागेपर्यंत ते बोलले नाहीत. त्यांचं गप्प राहणं मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं, आणि सांगायला हरकत नाही, मला वाटलं, हा माणूस आता तरी काहीतरी म्हणेल.

इम्तियाज ओट्यावर बसला होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. उजवी बाही दुमडून पिन लावलेली. आम्हाला बघून उठला आणि आतल्या बाईला हाक मारली, "अगो, सर आलेत नसीमाचे. च्या ठेव." नसीमा घरी नव्हती, किंवा बाहेर आली नाही. त्याचे वडील बाजूला खुर्चीत बसून होते. त्यांनी फक्त मान हलवली.

"निखिल कसा हाय, सर?" इम्तियाजनं विचारलं.

"बरा आहे. कॅनडाचं बघतोय."

"बरा झाला. घाबरला होता गाडीत. मी बोललो, गाणी लाव." तो हसला. "गाणी लावली मग त्यानं."

चहा आला. टिपणीसांनी घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि मी वाट बघत राहिलो. 'तुझे उपकार' किंवा 'माझं चुकलं', काहीही चाललं असतं. 'मला बोलायला शब्द नाहीत' हे तर सगळ्यांनाच सुचतं.

"नुकसानभरपाईचं काय?" टिपणीसांनी विचारलं.

"देतील बोलतात. बघू."

"पाठपुरावा करायला हवा. आणि सरकारी मदतीच्या मागे फार लागू नकोस. माणूस पंगू होतो त्यानं."

म्हाताऱ्यानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. इम्तियाज मात्र "व्हय सर" म्हणाला, पाहुण्याशी बोलताना म्हणतात तसं.

निघताना इम्तियाजनं डावा हात पुढे केला. टिपणीसांनी सवयीनं उजवा केला होता. दोन हात हवेत एकमेकांसमोर आले आणि जुळेनात. डावा पुढे करायला एक क्षण लागला असता. टिपणीसांनी आपला हात मागे घेतला, दोन्ही जोडून नमस्कार केला आणि वळले. इम्तियाजचा हात थोडा वेळ तसाच पुढे होता. मी तो धरला. खरखरीत, गरम हात होता.

रिक्षा गावाबाहेर पडली आणि टिपणीसांचा आवाज परत आला.

"बघितलंत, म्हात्रे? जराही कडवटपणा नाही. तक्रार नाही. धर्म आणि कुटुंब घट्ट असलं की माणूस असा उभा राहतो. मी इतकी वर्षं हेच सांगतोय."

मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. मेन रोड अजून लांब होता आणि ऊन चढलं होतं. टिपणीसांनी विचारलं, "अहो, इथे कुठे उतरताय?" मी माझ्या वाटणीचे पैसे रिक्षावाल्याच्या हातात दिले आणि उतरलो.

त्यानंतर आमची भेट नाही. ते निखिलपाठोपाठ कॅनडाला जायच्या खटपटीत आहेत असं ऐकतो. त्या दिवशी मात्र मी खाडीच्या बांधालगत उभा राहून रिक्षा जाताना पाहिली. टिपणीस पुढे वाकले होते, रिक्षावाल्याच्या खांद्यापर्यंत तोंड नेलं होतं, आणि एक बोट वर करून त्याला काहीतरी समजावून सांगत होते. रिक्षावाला पुढचे खड्डे चुकवत होता.